थेरपी मुलाची, दमणूक आईबाबांची: रंग, सुईदोरा आणि मातीचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान होऊन दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीन दिवस ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, दोन दिवस स्पीच थेरपी, घरी आल्यावर होम प्रोग्रॅम म्हणजे थेरपीतून दिलेला घरचा सराव, त्यासाठी तुम्ही नोकरी सोडली. दिवसभर सगळं नीट करता आणि रात्री जेवताना त्यानं ताट ढकललं की ओरडता, मग तो झोपल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडता. सेंटरमधल्या मॅडमनी पालकांच्या आर्ट सेशनला या म्हणून सांगितलंय आणि तुम्ही विचारताय की मला साधा आंबा काढता येत नाही, वेळ तर नाहीच नाही, आणि मी रंगवत बसून माझ्या मुलाला काय फायदा?

मी विशेष शिक्षिका म्हणून कामाला लागले त्याला १९ वर्षं झाली, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं मुलांपेक्षा त्यांच्या आईवडलांच्या गटांबरोबरच जास्त गेली, आधी पुण्यात, नंतर नाशिककडच्या तालुक्यांत. म्हणजे जे सांगतेय ते बहुतेक डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि जिथं अभ्यास झालेत तिथं तेही सांगते.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करू, माझ्या मुलाला काय फायदा. हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय की ते ऐकलं की मला त्या बाईच्या दिवसाचं अख्खं टाइमटेबल दिसायला लागतं. सकाळचा चहा एका हातात आणि दुसऱ्या हातात फ्लॅशकार्ड. भाजी आणायला जायचं तर ते पण त्याला गर्दीची सवय व्हावी म्हणून. कणीक मळायची तर त्याची बोटं त्यात घालून, कारण ओटीच्या मॅडमनी सांगितलंय. दिवसात एक गोष्ट अशी उरलेली नसते की जी मुलाच्या कामाची नाही. आणि अशा दिवसात कोणी रंगांचा डबा आणून ठेवला की त्याच्याकडे पण आपण त्याच नजरेनं बघतो, यातून त्याचं फाइन मोटर, म्हणजे बोटांची बारीक कामं, सुधारेल का. म्हणून माझं उत्तर असं आहे की फायदा होतो, नक्की होतो, पण हा वेळ मुलासाठी म्हणून काढलात तर होत नाही. तो तुमच्यासाठीच काढायला लागतो.

का ते सांगते. लहान मूल स्वतःचं स्वतः शांत व्हायला फार उशिरा शिकतं, तोपर्यंत ते शांतपणा जवळच्या माणसाकडून उसना घेतं. आवाज कुठल्या पट्टीत आहे, श्वास छातीत अडकलाय का पोटापर्यंत जातोय, हात किती झटक्यानं चालतोय, हे सगळं त्याच्या अंगाला कळतं, शब्द कळायच्या कितीतरी आधी. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेवते, हसत नाही, रागवत नाही, नुसती बघते. बाळ आधी हसून दाखवतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, सगळे उपाय करून बघतं आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, रडायला लागतं. मला तो कोरा चेहरा फार ओळखीचा वाटला, कारण सेंटरच्या बाकावर बसलेल्या आयांचा चेहरा संध्याकाळी पाचला तसाच असतो. त्यावर राग नसतो, प्रेम कमी झालेलं नसतं, नुसतं काही उरलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल माझा मुलगा तर डोळ्यात बघतच नाही, त्याला माझा चेहरा काय कळणार. असं समजू नका. माझ्याकडे एक मुलगा होता जो आईकडे मान वर करून कधी बघायचा नाही, पण ती ओट्याशी भांडी जरा जोरात ठेवायला लागली की आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून बसायचा. आवाज बंद झाल्यावर पण बसायचा. तो भांड्यांना नाही घाबरायचा, त्याला आईचा मूड कळायचा.

ट्रॉनिक यांच्याच कामातली आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण तुम्ही रात्रीच्या ओरडण्याबद्दल फार अपराधी वाटून लिहिलंय. चांगलं जमणाऱ्या आई-बाळांचं निरीक्षण केलं तेव्हा पण दोघांचा सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच भरला. बाकीचा वेळ चुकणं आणि परत जुळवून घेणं यातच जातो, आणि ते परत जुळवून घेणंच बाळाच्या कामाला येतं. म्हणजे तुम्ही रात्री ओरडलात आणि सकाळी त्याला जवळ घेऊन त्याच्या आवडीचं गाणं म्हटलंत, तर ते सकाळचं पण त्याच्याकडे जमा होतं. फक्त सकाळी जवळ घ्यायला अंगात थोडं काहीतरी शिल्लक लागतं. ते शिल्लक कुठून आणायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

इथं माझी एक चूक सांगते म्हणजे तुम्हाला ती टाळता येईल. सुरुवातीला मी पालक आणि मुलं एकत्र रंगवतील असे कार्यक्रम घ्यायचे, मला वाटायचं एकत्र बसतील, नातं छान होईल. झालं काय, तर प्रत्येक आई मुलाचा हात धरून स्वतःच चित्र काढायची, रेघेबाहेर रंग गेला की तिचा जीव कासावीस, शेजारच्या मुलानं घर काढलं आणि माझ्यानं नुसते गोल गोल काढले म्हणून तोंड उतरलेलं, आणि शेवटी ग्रुपवर टाकायला फोटो. आणखी एक परीक्षाच झाली ती. एका आईनं निघताना सांगितलं, मॅडम, घरी निदान कोणी बघत तरी नाही. ते वाक्य मला पुढं कित्येक दिवस ऐकू येत होतं. त्यानंतर मी ते कार्यक्रम बंद केले आणि मुलांना एका खोलीत दोन शिक्षिकांकडे सोपवून आयांना वेगळ्या खोलीत बसवायला लागले.

वेगळ्या खोलीत बसवून पण बोलायला सांगितलं की कोणी बोलायचं नाही. कशा आहात म्हटलं की सगळ्यांचं एकच, ठीक आहे मॅडम. मग एकदा गोधडी शिवायला घेतली. प्रत्येकीनं घरून जुने कपडे आणायचे, चौकोन कापायचे, जोडायचे आणि वरून धावदोरा घालायचा. एक आई, मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेली, त्या आईनं पिशवीतून एक पिवळं झबलं काढलं. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशीचं. बाकीच्या जणी कापायला लागल्या आणि ही झबलं मांडीवर ठेवून त्याच्यावरून हात फिरवत बसली, कात्री काही उचलेना. मी काहीच बोलले नाही. अर्ध्या तासानं शेजारच्या बाई सुईत दोरा ओवता ओवता मान वर न करता म्हणाल्या, नका कापू, अख्खंच लावा मध्यभागी. मग तिनं ते झबलं अख्खं पसरलं, बाह्या बाजूला उघडून, आणि कडेनं टाके घालायला सुरुवात केली, आणि टाके घालता घालताच बोलायला लागली की या झबल्याच्या वेळी आम्हाला माहिती नव्हतं, हे तेव्हाचं आहे जेव्हा आम्हाला काहीच माहिती नव्हतं. खोलीत कोणी मान वर केली नाही, सगळ्यांच्या सुया चालूच, पण सगळ्या ऐकत होत्या. नऊ वर्षांत तिनं हे नवऱ्याला पण सांगितलं नव्हतं.

मला हे तेव्हा कळलं की हात कामात असले आणि नजर खाली असली की माणूस बोलतो. समोरासमोर खुर्च्या टाकून बोला म्हटलं की आपल्याकडच्या बायकांची जीभ टाळ्याला चिकटते. आपल्या आज्या-पणज्यांना हे बरोबर माहिती होतं. पहाटे उठून जात्यावर बसायचं, समोर कोणी नाही किंवा फार तर जाऊ नाहीतर नणंद, हात खुंट्याला आणि तोंडानं ओवी. सासरचं दुखणं, माहेरची ओढ, पोटचं पोर आजारी, नवऱ्याची मारहाण, सगळं त्या ओवीत यायचं आणि कोणी त्याला तक्रार म्हणायचं नाही कारण ते तर दळणाचं गाणं. पुण्यात राहून गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराच्या वर गावांत फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात, कधी रात्री झोप येत नसेल तर मोबाइलवर दुसरं काही बघण्यापेक्षा त्या ऐका, एवढं म्हणीन. पिठाची गिरणी आली ते फार बरं झालं, बायकांची कंबर वाचली, पण त्या जात्याबरोबर मनातलं काढायची एक हक्काची जागा पण गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणी दिली नाही.

तर तुम्हाला आंबा काढता येत नाही याबद्दल. याचा काही संबंध नाही. गिरिजा कैमल म्हणून संशोधक आहेत, त्यांनी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात एक प्रयोग केला, २०१६ मध्ये छापून आला. ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाजचे कागद दिले, जे पाहिजे ते करा म्हणून सांगितलं, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, ताण आला की वाढतं ते संप्रेरक. साधारण ७५ टक्के लोकांचं कमी झालं, आणि ज्यांना कलेची सवय होती आणि ज्यांनी शाळेनंतर रंगाला हात लावला नव्हता त्यांच्यात फारसा फरक नव्हता. अभ्यास छोटा आहे, ती माणसं निरोगी होती, रात्र रात्र जागणारे पालक नव्हते, त्यामुळे त्याच्या जिवावर मी मोठी विधानं करणार नाही. पण येत नाही म्हणून बसू नये असं काही नाही, एवढं त्यातून कळतं आणि माझा अनुभव पण तोच आहे. उलट ज्यांना चांगलं काढता येतं त्यांना जास्त वेळ लागतो, त्या चांगलं दिसावं म्हणूनच धडपडतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तुम्हाला वेळ नाही हे मी शंभर टक्के मान्य करते, पण एक वेळ आहे जो तुमच्या लक्षात आला नाहीये. त्याची ओटी ४५ मिनिटांची असते तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर असता. त्या ४५ मिनिटांत बहुतेक आया मोबाइलवर ऑटिझमचेच व्हिडिओ बघतात नाहीतर दारातून कान लावून आत काय चाललंय ते ऐकतात. त्यातली फक्त वीस मिनिटं घ्या. पिशवीत एक साधी चित्रकलेची वही आणि ऑइल पेस्टलची छोटी पेटी ठेवा. पहिल्या दिवशी काही काढायचं नाही, एक रंग उचलायचा, आजचा दिवस ज्या रंगाचा वाटतोय तो, आणि डाव्या हातानं, म्हणजे ज्या हातानं लिहीत नाही त्या हातानं, कागदभर नुसतं गिरगटायचं. डाव्या हातानं कारण त्या हाताकडून कोणीच सुबक रेघेची अपेक्षा करत नाही, तुम्ही पण नाही. दाबून घासावंसं वाटलं तर दाबून घासा, खडू मोडला तर मोडू दे. मग दुसरा रंग. झालं की पान उलटायचं. परत बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, स्टेटसला ठेवायचं नाही. ही शेवटची अट बायकांना अवघड जाते पण तीच फार महत्त्वाची आहे, कारण कोणाला दाखवायचं ठरलं की हात लगेच सावध होतो.

घरी असाल आणि राग डोक्यात गेला असेल तर रंग नकोत, वर्तमानपत्र घ्या आणि फाडा. लांब लांब पट्ट्या, आवाज करत, मग त्याचे बारीक तुकडे. नंतर वाटलं तर ते तुकडे खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवा, नाही वाटलं तर कचऱ्यात टाका. मुलगा समोर असेल तर त्याच्यासमोर झटके देऊन फाडू नका, तो घाबरेल, दुसऱ्या खोलीत जा. रांगोळी येत असेल तर ठिपक्यांची काढा, ठिपक्यांच्या रांगोळीत एक नियम असतो ना, इथून तिथं रेघ न्यायची, त्यामुळे भरकटलेलं डोकं त्या ठिपक्यांना धरून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुसली जाते म्हणून चांगली झाली का वाईट हा प्रश्नच राहत नाही. फ्लॅटच्या उंबऱ्यापाशी हातभर जागा पुरते.

लिहायला आवडत असेल तर त्याबद्दल जरा सांभाळून सांगते. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल मनात येईल तसं लिहायला लावलं, शुद्धलेखनाची फिकीर न करता. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं, हे कोणी सांगत नाही आणि मग बाई घाबरते की मला उलट त्रास होतोय. तसं होणारच, तास-दोन तासांत ओसरतं. म्हणून रात्री झोपायच्या आधी लिहू नका, दुपारी लिहा, आणि लिहिल्यावर लगेच हाताला काहीतरी काम ठेवा, शेंगा सोलायच्या, कपड्यांच्या घड्या. घरात कोणी वाचेल अशी भीती असेल तर फाडून टाका. निदानाच्या दिवसाबद्दल मात्र एकटीनं लिहायला सुरुवात करू नका, ते गटात किंवा समुपदेशकाबरोबर करा. तो दिवस बहुतेकींच्या अंगात अजून ताजा असतो.

आणि गाणं. इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर उदास झालेल्या १३४ आयांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दहा आठवडे बाळाला घेऊन एकत्र गायला बोलावलं, दुसऱ्याला खेळाच्या वर्गाला, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. ज्यांची उदासी जास्त होती त्यांच्यात गाणाऱ्या गटाला लवकर बरं वाटायला लागलं. आपल्याकडे हे करायला वेगळा वर्ग लागत नाही. मी आयांना सांगते की झोपवताना चाल नेहमीची अंगाईची ठेवा आणि शब्द तुमचे घाला. आज मी किती दमले बाळा, आज तुझा बाबा उशिरा येणार, आज मला तुझा राग आला होता रे, आता गेला. तुमच्या घरच्या बोलीत म्हणा, अहिराणी असेल तर अहिराणीत, मालवणी असेल तर मालवणीत, थेरपीत शिकवलेल्या पुस्तकी वाक्यांत नको. मुलाला चाल ऐकू येते, लय ऐकू येते, तुमच्या छातीची थरथर त्याच्या पाठीला लागते, आणि तुमचं मनातलं बाहेर पडतं. एका आईनं मला सांगितलं की असं गाताना मला पहिल्यांदाच त्याच्यावरचा राग तोंडानं म्हणता आला, आणि तो तर झोपून गेला.

तुम्ही मुलाच्या बाबांबद्दल एक ओळ लिहिलीय, ते यात पडत नाहीत. बाबा लोकांना गटात बोलावलं की ते सोडायला येतात आणि गाडीवरच बसून राहतात, मी आधी त्यांच्यावर चिडायचे, आता नाही चिडत. त्यांना बोलायला बोलावलं तर येत नाहीत, काम द्यायला बोलावलं तर येतात. नाशिकला एक बाबा होते, कंपनीत शिफ्टला, मुलगा सात वर्षांचा, मातीला, वाळूला, पिठाला हात लावायचा नाही, लागला तर किंचाळायचा. थेरपीत सांगितलेलं म्हणून हे रोज त्याचा हात धरून मातीत घालायला बघायचे आणि रोज घरात रडारड. दिवाळी जवळ आली होती. मी म्हटलं, दादा, या सुट्टीत त्याला हात लावायला सांगूच नका, तुम्ही लहानपणी करायचात तसा किल्ला करा, तुमच्यासाठी करा. त्यांना आधी पटेना, म्हणाले मी एकटा माणूस किल्ला करत बसू का. पण बसले. विटा रचल्या, वर पोतं टाकलं, लाल माती कालवली, बुरूज थापले, हळीव पेरला. पहिल्या दिवशी मुलगा आतच. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून बघत होता. बाबा आपल्या नादात, बारा वर्षांचे असताना मामाच्या गावाला केलेल्या किल्ल्याच्या आठवणीत, ते मला नंतर म्हणाले की मी खरंच विसरलो होतो तो तिथं उभा आहे ते. तिसऱ्या दिवशी मुलगा आला, मातीचे मावळे पुड्यातून काढले आणि दरवाजापासून खालपर्यंत एका सरळ ओळीत लावले, एकाला एक चिकटून, अगदी ओळ वाकडी झाली तर परत काढून. बोटाला ओली माती लागली होती. बाबांनी शाब्बास म्हटलं नाही, फोटो काढला नाही, ते बुरूज थापत राहिले.

ही गोष्ट सांगते म्हणजे तुम्ही किल्ला केलात की तुमचा मुलगा येईलच असं नाही, दुसऱ्या एका घरात मुलानं किल्ला पायानं मोडला आणि ते पण तितकंच खरं आहे. पण त्या बाबांना तीन दिवस मुलाचा हात धरून ओढायला लागला नाही, आणि मुलाला तीन दिवस असा बाबा बघायला मिळाला ज्याचं लक्ष त्याच्या चुकांवर नव्हतं. दोघांनाही त्याची किती गरज होती ते मी बघितलंय.

रंग आणि सुईनं जे होत नाही ते पण स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटतंय, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा मी नसते तर बरं झालं असतं, आम्ही दोघं गेलो तर सुटू असा विचार एकदा जरी आला, तर वही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, मी स्वतः कित्येक आयांबरोबर पहिल्या भेटीला गेलेय. लगेच जाता येत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नळ सोडून रडण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यात हे विचार असतील तर माझ्या उत्तराची वाट बघत बसायचं नव्हतं, आजच फोन करा. आणि पैशाचं ओझं हे पण मनावरचंच ओझं असतं, म्हणून निरामय विमा काढलाय का ते बघा, नॅशनल ट्रस्टचा आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, १ लाखापर्यंतचं संरक्षण आणि त्यात थेरपीचा खर्च पण काही प्रमाणात धरतात.

घरचे बोलतील. पोराचं एवढं सगळं असताना ही रंगवत बसलीय, असं कोणीतरी म्हणेलच, बहुतेक वेळा ज्यांनी त्याला एक संध्याकाळ पण सांभाळलेलं नसतं तेच म्हणतात. त्यांना समजावत बसू नका, तुमची वीस मिनिटं त्यातच जातील. सासूबाईंना गोधडी येत असेल तर मात्र त्यांना विचारा की टाका कसा घालायचा. माझ्या गटातल्या दोन-तीन घरांत असं झालंय की सून शिकायला बसली आणि सासूनं टाके घालता घालता स्वतःच्या गेलेल्या पोराची गोष्ट सांगितली, जी घरात कोणाला माहितीच नव्हती, आणि पुढं ती सासू नातवाला घेऊन तासभर खाली बागेत जायला लागली. सगळ्या घरांत नाही होणार असं, पण विचारून बघायला काय जातंय.

सेंटरमधल्या सेशनला जायचं का, तर जा, पण आधी दोन गोष्टी विचारून घ्या. तेवढा वेळ मुलांना कोण सांभाळणार, कारण मूल मांडीवर घेऊन ते सेशन होत नाही. आणि आमची चित्रं कोणी भिंतीवर लावणार किंवा त्याचा अर्थ सांगणार आहे का. काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन, घराला खिडकी नाही म्हणजे असं आणि तसं, अशी भविष्यं सांगणारे लोक असतात, तिथं जाऊ नका. चित्रात काय आहे ते काढणारी सांगेल, तिला सांगायचं असेल तेव्हा.

परवा बुधवारी त्याची ओटी आहे म्हणालात, तर उद्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून वही आणि ऑइल पेस्टल घेऊन ठेवा. दोन पेट्या घ्या, एक त्याच्या खेळण्यांत टाका आणि एक तुमच्या पिशवीत. तो तुमचीच मागेल, मुलांना बरोबर कळतं. तेव्हा त्याची त्याच्या हातात द्या आणि सांगा, ही तुझी, ही आईची.